नो मॅच, चार वेळा

सुजीत आणि अक्षता दोघंही डॉक्टर, लग्न नवं, आणि अमेरिकेतल्या रेसिडेन्सीला, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातल्या पुढच्या ट्रेनिंगला, अर्जही जोडीनंच केलेला. यात दोघांच्या पसंतीच्या हॉस्पिटलांच्या जोड्या लावून एकच यादी धाडायची. कॉम्प्युटर वरून खाली येत जी जोडी आधी जमेल ती पदरात टाकतो. यादी आजच फॅक्स व्हायला हवी होती. म्हणून सुजीतनं ती सकाळी बाबांच्या, म्हणजे जगदीशरावांच्या, डब्याच्या पिशवीत सरकवली. त्यांच्या ऑफिसात फॅक्सचं मशीन होतं.

मशीनपाशी उभ्या उभ्या जगदीशरावांनी यादी वाचली. डावीकडे सुजीत, उजवीकडे अक्षता. वरचं सगळं ठीक. खालच्या चार ओळींत मात्र सुजीतपुढे हॉस्पिटल आणि अक्षतापुढे 'नो मॅच'.

त्यांनी कागद पुढे केला. "जमालुद्दीनभाई, इसका मतलब क्या?"

शेजारच्या टेबलावरच्या जमालुद्दीननं चष्मा चढवला. "जोड़ी नहीं जमती. खलास. और चार बार लिखा है, मतलब गुस्से में लिखा है."

फॅक्स राहिला बाजूला. जगदीशरावांनी घरी फोन लावला. "कांता, पोट्टा बायकोला सोडून चालला."

"कोण म्हणते?"

"कागद म्हणते. चारदा म्हणते."

संध्याकाळी अक्षता ड्युटीवरून आली, तर हॉलमध्ये शेजारच्या शेवंतीमावशी खबर लागून तीन बायका घेऊन बसलेल्या. तिच्या तोंडात आधी लाडू कोंबला गेला.

"रडू नको माय."

"मी कुठं रडतेय?"

"पाहा, आतल्या आत घेते पोरगी," मावशी बाकीच्यांना म्हणाल्या.

मागोमाग सुजीत आला. "बाबा, फॅक्स गेला ना?"

"नाही गेला. सुनेचा डिव्होर्स मी माझ्या हातानं धाडणार नाही."

सुजीतनं कपाळाला हात लावला. "अहो, ते आमच्या संसाराचं नाही. दोघांना जोडीनं कुठंच जागा मिळाली नाही, तर निदान एकाला तरी मिळावी. दुसऱ्यानं ते वर्ष घरी बसायचं. त्याला नो मॅच म्हणतात."

शेवंतीमावशींनी लाडवांचं ताट हळूच आपल्याकडे ओढलं. जगदीशराव पंख्याकडे बघू लागले. कांताबाईंनी मात्र कागद हातात घेतला आणि सावकाश चारही ओळींवरून बोट फिरवलं.

"मंग चारही बार घरी अक्षताच काहून बसते?"

"ते... टाइप करताना..."

"टाइप करताना तुह्या नावाखाली बोट गेलं नाही?"

इतका वेळ हसू दाबून बसलेली अक्षता आता हसेना. "दोन तुझ्या, दोन माझ्या, असं ठरलं होतं ना रे?"

जोडी सांधायला आलेल्या बायका खुर्च्या पुढे ओढून बसल्या. सुजीतनं पेन काढलं. दोन ओळींत अक्षतापुढे हॉस्पिटल आलं आणि त्याच्या स्वतःच्या नावापुढे नो मॅच. "आणि या दोन वर घ्यायच्या," अक्षता म्हणाली. त्यानं मुकाट्यानं वर घेतल्या. अमेरिकेत अजून सकाळच होती. जगदीशराव कागद घेऊन पुन्हा ऑफिसात पळाले.

मार्चमध्ये निकाल आला. जोडीनं एकही जागा जमली नव्हती. अक्षताला शिकागो मिळालं. सुजीत, नो मॅच.

जगदीशरावांना पोराचं तोंड बघवेना. त्याला काय बोलून धीर द्यावा, याची ते जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात कांताबाईंनी आतून हाक मारली.

"सुजीत, इकडे ये बाप्पा. कुकरच्या शिट्ट्या मोजायला शीक."