तीन तास वीस मिनिटं

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी दप्तरीकाकांवर आळ आला. आळही असा, की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. ज्या माणसाने एकतीस वर्षांत कचेरीतली टाचणीसुद्धा घरी नेली नाही, तो म्हणे दप्तरखान्यात बसून रोज तीन तास वीस मिनिटं सिनेमे बघतो!

झालं असं, की कचेरीतलं इंटरनेट सारखं रखडत होतं. साहेबांनी नेटवाल्याला फर्मावलं, कोण किती वापरतं ते शोधून काढ. हा नेटवाला चाळिशीतला, टक्कल पडलेला, दोन्ही खिशांत वायरी कोंबून फिरणारा. प्रत्येक मजल्यावर वायरी एकत्र येतात तिथे स्विच नावाची चपटी पेटी असते, आणि सगळी माहिती तिच्यातून लहान लहान पुडक्यांनी जाते. एकूण एक पुडकं तपासायचं तर पेटीला घाम फुटायचा. म्हणून त्याने पेट्यांना सांगितलं, हजारातलं एकच उचला. जे हाती येईल त्याला हजाराने गुणलं, की कुणी किती वापरलं ते कळतं. आठवड्याने त्याने साहेबांपुढे कागद ठेवला, आणि सगळ्यात वर तळघरातला दप्तरखाना, रोज तीन तास वीस मिनिटं सिनेमा चालेल इतका वापर!

“किल्ली ठेवा टेबलावर,” साहेब म्हणाले. “चौकशी होईपर्यंत दप्तरखान्यात पाऊल टाकायचं नाही.”

काकांची कानशिलं तापली. ती किल्ली एकतीस वर्षं त्यांच्या कमरेला होती. तिच्यासाठी काकूंनी प्रत्येक पँटला वेगळा बंद शिवला होता.

“साहेब, मी एक मिनिटही काही बघत नाही! अर्धंसुद्धा नाही!”

“मग मशीन खोटं बोलतं?”

“मग मी खोटं बोलतो?”

“किल्ली,” साहेब म्हणाले.

घरी ताटावर बसल्यावरही काकांचं तोंड चालूच होतं, पण ते जेवणासाठी नव्हे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “आणि ती जुळी?”

“कोणती जुळी?”

“असं विचारताय, जशी शेजाऱ्यांचीच आहेत! रोज जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या मशीनवर व्हिडिओ लावून बघता ना? पोरगी सांगते मला.”

“दोन मिनिटं! ते काय बघणं झालं? एकाचं तोंड नीट दिसेपर्यंत दुसरं भोकाड पसरतं!”

“दोन तर दोन. पण साहेबांना तुम्ही अर्धंसुद्धा नाही म्हणालात.”

काका ताडकन उठले. हात धुता धुता मात्र थबकले. दोन मिनिटं. तीन तास वीस म्हणजे दोनशे मिनिटं. बरोबर शंभरपट! ना एक कमी, ना एक जास्त. इतकी गोल चूक मशीन आपणहून करत नाही, ती माणसाने शिकवावी लागते.

सकाळी त्यांनी नेटवाल्याला जिन्यातच गाठलं.

“तू हजारातलं एकच पुडकं उचलतोस म्हणे. वाळवी लागली का बघायला मीही सगळ्या फायली उघडत नाही. किती सोडून एक बघितली, ते कपाटाच्या दारावर कार्डात लिहितो. तुझ्या पेटीवर कार्ड कुठंय?”

“काका, पेटीला कशाला कार्ड? सगळं माझ्या डोक्यात आहे.”

“मग डोकं उघड आणि दाखव!”

नेटवाल्याने मशीन उघडलं आणि त्याचं टक्कल लालबुंद झालं. पहिली चाचणी त्याने तळघरातल्या पेटीवर घेतली होती. लवकर काहीतरी दिसावं म्हणून हजाराऐवजी दहातलं एक पुडकं उचलायला लावलं होतं, आणि ते बदलायचं साफ विसरला होता. उचलायचं दहातलं एक, गुणायचं हजाराने!

“चुकलो, काका. पण दुरुस्त केलं तरी दोन मिनिटं उरतातच. तुम्ही तर साहेबांना...”

“ते सांगायला मीच येतो,” काका गुरगुरले. एकतीस वर्षांत साहेबांच्या खोलीचा उंबरा इतका उंच कधी वाटला नव्हता.

“म्हणजे बघता तर!” साहेब म्हणाले.

“बघतो. दोन नातवंडं आहेत. माणशी एक मिनिट.”

साहेबांनी नेटवाल्याने दुरुस्त करून आणलेला कागद जवळ ओढला. खूप वेळ बघितला. “आणि उरलेला दिवस? इथे तर शून्य आहे. दिवसभर तुम्ही करता तरी काय?”

“साहेब, माझ्या फायली कागदाच्या आहेत! त्या वायरीतून जात नाहीत!”

“मशीन दिलंय ते वापरायला.”

किल्ली परत मिळाली, सोबत लेखी हुकूम मिळाला: दप्तरखान्याने दररोज किमान एक तास यंत्राचा वापर करावा. काकांनी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा संतापले. मग हुकमाला नंबर घातला, फाइलला लावला, आणि निवृत्तीपर्यंत रोज एक तास, घड्याळ लावून, रागारागाने जुळ्यांना बघत बसले.

तळघरातल्या पेटीवर त्यांनी स्वतःच्या हाताने कार्ड अडकवलं: ‘हजारात एक. तपासले.’ ते अजून तिथेच आहे. दप्तरीकाका वारले ते जुळी पहिलीत गेली त्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी.