लिंबू काढलं आणि काटा चढला

माझ्या गाडीला लिंबू-मिरची टांगायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. यात अख्ख्या लखनौने तोंड घालण्यासारखं काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

गाडी म्हणजे पिकअप. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. एका ठेकेदाराने जुनी म्हणून काढली ती मी घेतली. तेव्हा आमचे बाबूराव, म्हणजे माझा नवरा, मानकनगरात रेल्वेचे नकाशे काढून काढून रिटायर झालेला माणूस, म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "बाराखडी पस्तिसाव्या वर्षी शिकले, ती काय आंबट लागली?" गाडी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. कुणी शिकवली नाही. (कॉलनीच्या फाटकाचा खांब वाकडा आहे. तो आधीपासूनच वाकडा होता.)

गाडी मिरवायला घेतली नव्हती. गोमती नगर तेव्हा नुसतं खणून ठेवलं होतं. तिथे विटा वाहणाऱ्या बिलासपूरकडच्या बायकांना मी रोज संध्याकाळी शिकवायला जायची. हौद्यात फळा, सतरंजी, कंदील. दोन वर्षं घासल्यावर सतरा जणी पाचवीच्या परीक्षेला तयार झाल्या. परीक्षा सोमवारी सकाळी नऊला, हज़रतगंजच्या पलीकडे एका शाळेत. मुकादमाने एका दिवसाची सुट्टी दिली, तीही जणू स्वतःची किडनी काढून देतोय अशा चेहऱ्याने. सोमवार चुकला की वर्ष गेलं, आणि पुढल्या वर्षी या बायका कोणत्या शहराच्या विटा उचलत असतील कोण जाणे. जन्मभर अंगठा उठवलेल्या बाईच्या हाती प्रवेशपत्र आलं की ती ते पदराच्या गाठीत बांधते. अशा सतरा गाठी माझ्या हौद्याच्या भरवशावर होत्या.

तर गुरुवारी छुट्टन मिस्त्रीने ऑइल बदलून गाडी आणली, ती आरशाखाली लिंबू आणि सात मिरच्या लटकवून.

"ये क्या है?" मी विचारलं.

"अम्मा, परीक्षा का मामला है. नज़र-वज़र न लगे, इसलिए हुज़ूर की ख़िदमत में..."

मी लिंबू तिथेच ओरबाडलं. मिरच्या वरणात टाकल्या. (वाया का घालवायच्या?) छप्पन साली नागपुरात मी दीक्षा घेतली, ती आरशाखाली लिंबू लोंबकळवायला नाही. छुट्टनने कानाच्या पाळीला हात लावला आणि अदबीने मागे सरकला. या शहरातली माणसं भांडतसुद्धा नाहीत हो! तुम्ही शिवी द्या, ते म्हणतील, "बजा फ़रमाया," म्हणजे अगदी बरोबर बोललात. मग माणसाने राग उतरवायचा कुठे?

लिंबाच्या जागी काहीतरी अकलेचं हवं, म्हणून अमीनाबादेतून करवून आणलेली पितळी पाटी मी त्याच संध्याकाळी डॅशबोर्डावर बसवली. 'पहले परखो, फिर बोलो.' ईश्वर, माझा मुलगा, रेल्वेत इंजिनिअर. तो म्हणाला, "आई, मी बसवून देतो ना." मी म्हटलं, "तुझी डिग्री तुझ्यापाशी ठेव." चार स्क्रू, चारही माझ्या हाताने पिळले. तळहाताला फोड आला, पण पाटी अशी बसली की हत्तीने ओढली तरी निघणार नाही.

शुक्रवारी शिकवायला निघाले. शेजारी सून, चंदा. आलमबागचा चौक आला तशी ती म्हणाली, "आई, तो काटा लाल घरात गेलाय."

इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा. पार टोकाला जाऊन चिकटलेला. मी गचकन ब्रेक मारला. तापलेल्या इंजिनावर गाडी दामटली तर इंजिन कायमचं बसतं, हे मला ठाऊक होतं. दोन मिनिटांत चाळीस माणसं जमली. एकाने बादली आणली, एकाने रेडिएटर फुटला म्हणून सांगितलं, एकाने फॅन बेल्ट. पानवाल्याने मात्र ठेल्यावरूनच मान लांब करून केबिनीत पाहिलं आणि विचारलं, "अम्मा, नींबू कहाँ गया?"

उसाच्या ट्रॅक्टरला दोरी बांधून गाडी घरी आली. स्टेअरिंगवर मी. सगळी कॉलनी गॅलरीत. आयुष्यात इतकी चीड कधी आली नव्हती.

शनिवारी घरात विद्वानांची परिषद भरली. बाबूरावांनी बोनेटवर ओली पोती घातली, जणू गाडीला ताप आलाय. ईश्वरने इंजिनाचं चित्र काढलं. फार सुंदर चित्र. त्यात बाण होते.

"आई, देखो, कूलिंग सिस्टीममध्ये कुठेतरी..."

"कुठे?"

"वही तो देखना पड़ेगा."

"मग बाण कशाला काढलेस, मेल्या?"

संध्याकाळी छुट्टन आला. बोनेट उघडून असा उभा राहिला, जसा माणूस मयतीला उभा राहतो.

"अम्मा, गुस्ताख़ी माफ़. इंजन का कलेजा जल चुका है. उतारना पड़ेगा. आठ दिन."

"परवा परीक्षा है!"

"जी, बजा फ़रमाया. आठ दिन." मग हळूच, "मैंने तो हिफ़ाज़त का इंतज़ाम किया था. आपने उतार दिया."

बाबूराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "द्रौपदे, टॅक्सीत सतरा बायका बसत नाहीत. त्यांना सांगून टाक, पुढच्या वर्षी."

मी पेपर त्यांच्या हातातून ओढला आणि दोन तुकडे केले. (नंतर कळलं, शब्दकोडं अर्धं झालं होतं. त्याचा त्यांनी फार राग मानला.)

रविवारी सकाळी अंगणात छुट्टनने तीन बल्ल्यांची, म्हणजे लाकडी वाशांची, तिकाटी उभी केली, वरून साखळी सोडली. इंजिन वर ओढायला. आणि मग चहा प्यायला बसला. एक पेला झाला, दुसरा झाला. आठ दिवसांच्या कामातला हा पहिला तास! माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला उठवायला मी केबिनीत शिरले. आमच्या गाडीचा हॉर्न किल्ली फिरवल्याशिवाय वाजत नाही. किल्ली फिरवली, हॉर्नवर मूठ आपटली. छुट्टनच्या धोतरावर चहा सांडला.

आणि माझं लक्ष काट्याकडे गेलं. तो टुणकन उडून लाल घरात.

इंजिन चालू नव्हतं. रात्रभर ओल्या पोत्याखाली होतं. मी खाली उतरून बोनेट उचललं आणि इंजिनावर हात ठेवला. माठासारखं गार.

"अहो!" मी ओरडले. "चूल पेटवलेली नाही, मग दूध उतू कसं जाईल?"

बाबूराव, ईश्वर, चंदा, गॅलरीतली कॉलनी, सगळे गोळा झाले. मी एकेकाचा हात धरून इंजिनावर ठेवला. शुक्रवारी वाफ नव्हती, जळका वास नव्हता, हे मला आत्ता आठवलं. (चौकातल्या चाळीस माणसांना ते दिसलं नाही. एक्केचाळिसाव्या बाईबद्दल मी बोलणार नाही.)

"काटा झूठ बोल रहा है!" मी छुट्टनला म्हटलं. "इसको कौन बताता है कि इंजन गरम है?"

त्याने इंजिनाच्या अंगातली एक पितळी बोंडी दाखवली. तिच्यातून निघून एक वायर आत काट्यापर्यंत जाते. "निकालो वो वायर." त्याने काढली. चंदा केबिनीतून ओरडली, "आई, काटा अजून लालच!"

ईश्वरचे डोळे चमकले. "म्हणजे आई, बोंडीचा दोष नाही आणि इंजिनाचाही नाही! वायरच मध्ये कुठेतरी गाडीच्या पत्र्याला टेकली असणार. ती पत्र्याला टेकली की काटा वरच चढतो." बाणांशिवाय बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

आता मला आवर कोण घालणार? मी वायर दोन बोटांत धरली आणि उसवलेल्या शिवणीसारखी तिच्या मागे निघाले. तोंड चालूच.

"कलेजा जल गया म्हणे! आठ दिन म्हणे! नींबू म्हणे! डोळे असून आंधळे सगळे. ही वायर ज्या कुणी गाढवाने दाबली असेल ना, त्याला या साखळीला टांगते की नाही बघा! सगळ्या कॉलनीसमोर टांगते!"

"टांगच," बाबूराव म्हणाले. शब्दकोड्याचं दुःख ताजं होतं.

वायर इंजिनाच्या मागून गेली, पत्र्याच्या भोकातून केबिनीत शिरली. मी डॅशबोर्डाखाली पाठ टेकून उताणी झाले, एकसष्ट वर्षांचे पाय दाराबाहेर. चंदाने टॉर्च धरला. वायर डॅशबोर्डाच्या मागून वर चढली, डावीकडे वळली आणि एका जागी थांबली. तिथे एक स्क्रू तिच्या अंगात आरपार घुसला होता. पितळी. नवा. लांब.

मी स्क्रूचं टोक बोटाने चाचपून पाहिलं.

"आई?" चंदा म्हणाली. तिलाही दिसलं होतं. टॉर्च हलायला लागला. ती हसू दाबत होती.

"क्या निकला, अम्मा?" बाहेरून छुट्टन.

लपवता आलं असतं. पण मी खोटं बोलत नाही. (बोलते, पण चंदा साक्षीला होती.) मी तशीच उताणी पडून सांगितलं, "पाटीचा स्क्रू."

अंगणात शांतता पसरली. लखनौची ती भयंकर, अदबशीर शांतता. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले असते.

स्क्रू काढले, पाटी उतरवली, वायरला पट्टी गुंडाळली, काटा मुकाट खाली आला. छुट्टनने साखळी उतरवली, बल्ल्या बांधल्या आणि जाताना हात जोडून म्हणाला, "अम्मा, एक अर्ज़ है. न आप नींबू उतारतीं, न वहाँ तख़्ती लगती, न काँटा चढ़ता. तो बात आख़िर नींबू की ही हुई न?"

मी तोंड उघडलं. या प्रश्नाला उत्तर आहे, नक्की आहे. मी आजही ते शोधते आहे.

सोमवारी सतरा जणी नऊच्या अर्धा तास आधी शाळेच्या फाटकात होत्या. गाठी सोडल्या, प्रवेशपत्रं काढली, सगळ्यांनी सह्या केल्या. उतरताना त्यांच्यातल्या फुलबासनला डॅशबोर्डावरची चार भोकं आणि सीटवर पडलेली पाटी दिसली. अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहायचं नाही, असं मीच शिकवलेलं. तिने सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचलं, "पह-ले प-र-खो, फिर बो-लो." आणि विचारलं, "अम्मा, इसको उतार काहे दिया?"

"पाढे म्हण," मी म्हटलं. "पेपर आहे तुझा."

घरी आले तर बाबूरावांनी ती पाटी मागून घेतली आणि हॉलमध्ये लावली, बरोबर माझ्या खुर्चीसमोर. खिळा त्यांनी स्वतः ठोकला. आधी भिंतीवर कान लावून, बोटांनी टकटक करून, मागे विजेची वायर नाही ना ते तपासलं. हातोडी माझ्या हातात दिली नाही.