नव्वद सेकंदांत रायफलचं पिस्तूल

"झोपेतून उठवा, डोळ्यांवर फडकं बांधा, नव्वद सेकंदांत रायफलचं पिस्तूल करून देतो," असं व्हर्लिन हॉस्टेटर गेली अकरा वर्षं सांगत होता. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरी गावात हे ऐकून ज्याचे कान किटले नाहीत असा माणूस सापडणं कठीण.

आता त्याची बंदूक होतीच तशी, एका वेळी एकच गोळी घेणारी. मधला सांगाडा एकच. त्याला लांब नळी आणि खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लावला की झाली रायफल. आखूड नळी आणि हातात मावणारी मूठ लावली की पिस्तूल. नियम काय तो एकच: आधी दस्ता काढायचा, मगच आखूड नळी चढवायची. परवानगीशिवाय ती दोन्ही क्षणभर जरी एकत्र आली, तरी ते बेकायदा हत्यार. दहा वर्षं खडी फोडायची तयारी ठेवायची.

आणि आपल्या व्हर्लिनला नेमकं हेच शिकवणारा मास्तर व्हायचं होतं. शिकारी मंडळाचे जुने मास्तर दुखरे गुडघे घेऊन फ्लोरिडाला गेले आणि जागा रिकामी झाली. तीस वर्षं घरोघर टपाल वाटलं, लोकांनी ओळखलं ते फक्त कुत्रा मागे लागल्यावर. एकदा तरी कुणीतरी आपल्याला मास्तर म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. शनिवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये मतदान होतं. त्याआधी प्रात्यक्षिक.

"घाई करू नकोस," बायको आर्लीन गाडीत म्हणाली.

"अगं, मी काय आज करतोय का हे?"

हॉलमध्ये चाळीस माणसं. पहिल्या रांगेत शिकार खात्याच्या अधिकारी रीबरबाई, गणवेशात, मांडीवर भोपळ्याच्या केकची बशी. शेजारी एल्वुड श्रेक. मास्तरकीवर त्याचाही डोळा होता.

"नव्वद ना?" एल्वुडने घड्याळ काढलं. "माझी सून ऐंशीत करते."

झालं. व्हर्लिनच्या डोक्यात ऐंशी हा आकडा शिरला आणि बाकी सगळं बाहेर पडलं. पुढचं लाकूड काढलं, खीळ ठोकून लांब नळी उतरवली, आखूड चढवली, खीळ पुन्हा दाणकन ठोकली. दस्ता काढायला लांब स्क्रू ड्रायव्हर लागतो, वेळ जातो. वेळ जायला नको म्हणून दस्ता राहूनच गेला!

"एकोणसत्तर!" व्हर्लिन ओरडला आणि ते ध्यान खांद्याला लावून, नळी छताकडे करून, फोटोसाठी उभा राहिला. आर्लीनने फोटो काढलाही.

हॉल चिडीचूप. आपल्या वेगाने सगळे गार झाले असं व्हर्लिनला वाटलं. रीबरबाईंच्या काट्यावरचा केकचा तुकडा बशीत पडला तेव्हा त्याने त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. खांद्याला दस्ता. पुढे दहा इंची नळी. त्याने बंदूक झटकन टेबलावर ठेवली.

रीबरबाई सावकाश उठल्या. "मला कॉफी हवी," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "स्वयंपाकघरात जाऊन ओतायला तीन मिनिटं लागतील. परत आल्यावर जे दिसेल ते मला दिसेल."

दार बंद झालं आणि व्हर्लिन खिळीवर तुटून पडला. खीळ ढिम्म हलेना.

"दस्ता काढ रे!" एल्वुड म्हणाला.

"स्क्रू ड्रायव्हर गाडीत राहिला."

"मास्तर व्हायला निघालाय हा! धर घट्ट." मास्तरकी विसरून एल्वुडही घामाघूम झाला. मागच्या रांगेतली माणसं टोप्या उचलून पाठच्या दाराने निघाली होती. कुणी काही पाहिलंच नव्हतं.

"मला दहा वर्षं होतील," व्हर्लिन रडकुंडीला आला. "सुटेन तेव्हा मी शहात्तर वर्षांचा असेन."

"गप्प बैस," आर्लीन म्हणाली. तिने जेवणाच्या टेबलावरून मांस ठेचायची हातोडी आणून खिळीवर असा घाव घातला की खीळ थेट रीबरबाईंनी ठेवलेल्या केकच्या बशीवर जाऊन आदळली. आखूड नळी निखळून हातात आली, आणि रीबरबाई आत आल्या.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. सगळे भाग सुटे. "तो फोटो," त्या म्हणाल्या.

"पुसते," आर्लीन म्हणाली. "गळ्याखालचा सगळा पुसते."

मतदान झालं. एल्वुड मास्तर झाला. व्हर्लिनला एक मत पडलं, तेही त्याचं स्वतःचं; आर्लीनने कुणाला दिलं हे तिने आजवर सांगितलेलं नाही.

तरी वर्ग त्याच्यावाचून भरत नाही बरं का. फळ्याच्या वर तो फोटो लावलाय, गळ्यापर्यंतचा: मान ताठ करून, कान-डोळे आनंदाने ताणून हसणारा व्हर्लिन. एल्वुड काठीने तिकडे दाखवतो आणि पोरांना म्हणतो, "असं वाटायला लागलं की हात थांबवायचा."