लीलाधरनानांचा वर गेलेला हात

"एक संध्याकाळ माझ्या हाती दे, बेटा. वर्गात बसायला जागा उरणार नाही!" लीलाधरनानांनी पुतणीला छातीठोक सांगितलं.

मृणाली जळगावच्या एका कॉलेजात शिकवायची. युरोपातल्या वेगवेगळ्या भाषांमधलं साहित्य शेजारी-शेजारी ठेवून वाचायचं, असा नवा विषय तिनं भांडून मंजूर करून आणला होता. पण शनिवारपर्यंत पुरेशी नावं आली नाहीत, तर विषय बंद! आणि मुलं तर एकादशीला भरीत दिसावं तशी मान फिरवत होती.

नानांचा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलेला. त्यांनी पिंप्राळ्याच्या मंदिरात तिचं व्याख्यान ठरवलं, कॉलेजची पोरं बोलावली आणि सभा भरलेली दिसावी म्हणून भजनी मंडळालाही सांगितलं. मंडळ आलं ते टाळ-मृदंग घेऊनच. रिकाम्या हातानं ते देवळात कधी गेलंच नव्हतं!

मृणाली सांगू लागली. लढाईवर गेलेल्या लेकाची वाट बघणारी आई देशोदेशीच्या गाण्यांत आहे. स्पॅनिशमधली ती काय म्हणते? तिनं ओळ म्हटली आणि श्वास घ्यायला थांबली.

कीर्तनकार थांबला की ओळ उचलायची, हा टाळकऱ्यांचा धर्म! निंबाभाऊंची मृदंगावर थाप पडली आणि स्पॅनिश आई पिंप्राळ्याच्या चालीत गरजली.

पुढची ओळ जर्मन आईची, सगळी खडखडीत आवाजांची. निंबाभाऊ हरखलेच. "हाई त मृदंगनीच भाषा शे!"

मृणालीचा चेहरा उतरला. 'थांबा' म्हणून नानांनी हात वर केला. पण कीर्तनात हात वर जातो तो लय वाढवायला! टाळ दुप्पट झाले. घाबरून नानांनी दोन्ही हात वर केले. मग काय विचारता! मंडळातल्या बेबाबाईअक्कांनी पदर खोचला आणि "ये वं माय!" म्हणत व्याख्यातीलाच फुगडीला ओढलं!

नाना खांबाआड गेले. "पांडुरंगा, पोरीचा विषय मीच बुडवला रे!"

अखेर टाळ थांबले. मागून कोकिळा नावाची विद्यार्थिनी उठली. "मॅडम, त्या दोन आयांनी एकमेकींचं गाणं कधी ऐकलं होतं का?"

"हेच तर आपल्याला शोधायचंय!" मृणाली धापा टाकत म्हणाली.

"कसाले ऐकाले पाहिजे?" बेबाबाईअक्का म्हणाल्या. "वाट देखनं बठ्ठास्नं सारखंच ऱ्हास!"

वाट बघणं सगळ्यांचं सारखंच! मृणाली अक्कांकडे बघतच राहिली.

शनिवारी तिचा फोन आला. "नाना, वर्ग भरला! विषय वाचला!"

"मी काय म्हटलं होतं?"

"पोरांना पहिल्या तासाला निंबाभाऊ हवेत, अक्काही हव्यात. तुम्हीही या. फक्त हात खिशात ठेवायचे!"

नानांनी अंगातली बंडी चाचपली. खिसाच नव्हता! संध्याकाळी ते देवचंद शिंप्याच्या दुकानात बसले होते. "दोन्ही बाजूंनी लाव रे. अन् चांगले खोल लाव!"