घटस्फोटाची शिक्का मारलेली प्रत

मे अखेरीस मेमोरियल डे येतो, गेलेल्यांच्या थडग्यांवर फुलं ठेवायचा दिवस. त्याच्या आदल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला एकदा घंटा वाजवतात. त्या रविवारी नव्या पास्टरने "डेल्मर हॅस्केट" असं नाव वाचलं, घंटा वाजली, आणि मागून तिसऱ्या बाकावर डेल्मर हॅस्केट कोटाच्या खिशात पेपरमिंटची गोळी शोधत होता.

गोळी सापडली, पण ती तोंडात टाकायचं त्याला सुचेना. त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे माना खाली घालून बसले होते. आमच्या गावात कुणाच्या कोंबडीला सर्दी झाली तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या बायकांना पत्ता लागलेला असतो, पण त्यांच्यातल्या एकीनेही मान वर केली नाही. एकजण डोळे टिपत होती खरी, पण ती दरवर्षीच टिपते. पुढचं नाव वाचलं गेलं आणि डेल्मर मेला तो मेलाच.

प्रार्थना संपल्यावर पास्टर नील दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवत होता. तरुण मुलगा, येऊन दोन-तीन महिने झालेले.

"या, या. पाहुणे वाटतं तुम्ही?" त्याने डेल्मरला विचारलं.

"मी डेल्मर हॅस्केट."

पास्टरने धरलेला हात सोडला नाही. बहुधा तो हात कोमट आहे की नाही ते बघत असावा.

"पण तुमच्या थडग्यावर फुलं आहेत," तो म्हणाला.

पास्टरचीही तशी चूक नव्हती. गावात कोणाला ओळखत नाही म्हणून बिचारा आदल्या दिवशी स्वतः दफनभूमीत फिरून नावं लिहून आला होता. डेल्मरचा दगड आहेच तसा. डेल्मर आणि वर्लाने तो नव्या संसाराच्या हौसेने, दोघांच्या नावांनी, जन्मसालांसकट कोरून घेतला होता. मरणाची जागा कोरी होती आणि खाली लिहिलं होतं, "सदैव सोबत". नंतर घटस्फोट झाला, वर्ला काउंटीचं कोर्ट असलेल्या गावी निघून गेली, आणि दगड होता तिथेच राहिला. पाथरवट आमच्याकडे वाटेल तेव्हा उगवतो, त्यामुळे नुकत्याच गेलेल्या माणसाची तारीख कोरायची राहून जाणं यात काही नवल नाही. त्यातून दगडापुढे ताजी फुलं. फुलं ठेवायला मागे बहुधा बायकोच उरते, तेव्हा पास्टरने काय समजायचं ते समजून घेतलं.

डेल्मर तसाच दफनभूमीत गेला. दगडाच्या दोन्ही अंगांना कॉफीचा एकेक डबा होता, चकचकीत कागदात गुंडाळलेला, आत गुलाबी पिओनीची फुलं. ती कुणी ठेवली असतील ते त्याला कळेना. त्याच्या ओळखीत असं काही करेल असं माणूसच उरलं नव्हतं.

घरी येऊन त्याने सूपचा डबा उघडला आणि सिंकपाशी उभ्याउभ्याच खाल्लं, रोज खातो तसं. रेडिओवरच्या हवामानवाल्याला तो रोज उलट उत्तरं देतो, त्या दिवशी दिली नाहीत. पास्टरने नाव वाचलं याचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. पण भरल्या चर्चमध्ये एकालाही "अहो, तो काय मागे बसलाय" असं म्हणावंसं वाटू नये, हे त्याला लागलं होतं. मन दुखलं की माणूस दुरुस्तीला काहीतरी शोधतो. डेल्मरला दगड सापडला.

"वर्लाचं नाव काढून टाक," त्याने दुसऱ्या दिवशी दफनभूमीची देखभाल करणाऱ्या रॉलीला सांगितलं.

"आणि तुझं?"

"माझं राहू दे. मला लागणारच आहे ते. ती काही इथे यायची नाही."

रॉलीने डोक्यावरची टोपी मागे सारली. "जागा दोघांच्या नावावर आहे, डेल्मर. घटस्फोटात ती कोणाला गेली ते दाखव मला. कोर्टाची शिक्का मारलेली प्रत आण. उद्या वर्ला येऊन माझ्या बोकांडी बसायला नको."

डेल्मर काउंटीच्या कोर्टात गेला. खिडकीत ट्वायला बसली होती. लहानपणी ती आमच्याच गल्लीत वाढली, आणि तिला तळ्यात पोहायला डेल्मरनेच शिकवलं.

"अगंबाई, डेल्मरकाका. मी तर ऐकलं की तुम्ही गेलात."

"नाही गेलो. मला माझ्या घटस्फोटाची प्रत हवीय."

"बरं झालं. मयताची प्रत मागायची तर नियम वेगळा आहे, वारस लागतात. ओळखपत्र दाखवा."

"ट्वायला, तू बुडत होतीस तेव्हा मी तुझं ओळखपत्र मागितलं होतं का?"

"नाही काका. पण ते तळं होतं, हे कोर्ट आहे."

त्याने ओळखपत्र दाखवलं. तिने त्यावरचा फोटो त्याच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला, फोटो जास्त तरुण आहे म्हणाली, आणि विचारलं, "खटला कोणत्या सालचा?"

"गारपिटीच्या."

"कोणती गारपीट?"

"ज्वारी आडवी झाली ती."

डेल्मरच्या मागे त्याच खिडकीवर गाडीची नंबरपाटी घ्यायला आलेला एक शेतकरी उभा होता. त्याला राहवलं नाही. "ज्वारी दोनदा आडवी झालीय. मका गेला ती नंतरची. तुमचा घटस्फोट मक्याच्या आधी की नंतर?"

"आधी. वकिलाला द्यायला मका होता माझ्याकडे."

"मग त्याच गारपिटीत या कोर्टाच्या खिडक्या फुटल्या," शेतकरी म्हणाला. "नव्या काचा बँकेने दिल्या. पितळी पाटी लावलीय की खाली."

मग ट्वायला, डेल्मर आणि तो शेतकरी अशी तिघं जिन्याच्या खिडकीशी जाऊन पाटीवरचं साल वाचून आले. पण पाटीवर काचा बसवल्याचं साल होतं, फुटल्याचं नव्हतं, आणि बँकेने किती दिवस लावले असतील यावर शेतकऱ्याचं आणि डेल्मरचं जुंपलं. शेवटी ट्वायला म्हणाली की ती दोन्ही सालं बघेल, पण जुने घटस्फोट इथे नाहीत. तळघरात पाणी शिरल्यापासून ते मागच्या जुन्या तुरुंगात ठेवले आहेत.

"सगळे?"

"सगळे. बायकांच्या कोठडीत. पुरुषांच्या कोठडीत जमिनीचे तंटे आहेत, तिथे जागाच नाही."

ती विजेरी घेऊन गेली आणि केसांत कोळ्याची जाळी घेऊन परत आली. निकालपत्राचं पानन् पान शाबूत होतं. तिने त्यावर ठसठशीत उमटणारा शिक्का मारला आणि मग, नोकरीत सवय लागलेली असल्यामुळे, वाचूनही दाखवलं.

"ट्रॅक्टर नवऱ्याला. शिवणयंत्र बायकोला. कुत्रा नवऱ्याला. मोठा फ्रीझर नवऱ्याला."

"फ्रीझर तीच घेऊन गेली," डेल्मर म्हणाला. "मी शेतावर असताना."

"ते कोर्टाला माहीत नाही. भांडी बायकोला. मधमाश्यांच्या पेट्या निम्म्या निम्म्या." तिने शेवटचं पान उलटवलं. "काका, दफनभूमीचं यात काहीच नाही."

"काहीच नाही?"

"तुम्ही दोघांनी कुत्र्यावरून भांडून घेतलंत, पण मेल्यावर कुठे जायचं ते ठरवायला विसरलात. म्हणजे जागा अजून दोघांचीच. दगडाला हात लावायचा तर वर्लामावशीची सही लागणार. नंबर देऊ का? इथेच मागच्या गल्लीत राहते."

डेल्मरने नंबर घेतला आणि घरी येऊन फोनपाशी बसला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आता बोलायचं ते हे. शेवटी त्याने घाईघाईने सगळं सांगून टाकलं आणि पलीकडून फक्त "गुरुवारी येते" एवढं ऐकू आलं.

गुरुवारी वर्ला काठी टेकत दफनभूमीत आली. पेन घरूनच आणलं होतं.

"कुठे करायची सही?"

डेल्मरने कागद पुढे केला. तिने काठी दगडाला टेकवून ठेवली, चष्मा लावला आणि मग डब्यांकडे पाहून म्हणाली, "सुकली रे. पाणी तरी घालायचं होतंस."

"तू ठेवलीस?"

"मग कोण ठेवणार?"

"माझ्यासाठी?"

"छे. माझ्यासाठी. आपल्याला ना मूल ना बाळ. मी गेल्यावर इथे कोण फुलं आणणार आहे? यंदा गुडघा धरला तेव्हा म्हटलं, आहोत तोवर आपणच ठेवून बघावं कसं दिसतं ते. मग तुझी बाजू रिकामी बरी दिसेना."

"तुझ्या फुलांपायी मी मेलो, वर्ला," डेल्मर म्हणाला, आणि त्याने चर्चमधली हकिगत सांगितली. ती इतकी हसली की तिला "सदैव सोबत"वर हात ठेवून उभं राहावं लागलं.

"घंटा वाजली?"

"वाजली की."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"नाही."

तिचं हसू थांबलं. "मी असते तर बोलले असते," ती म्हणाली. मग तिने सही केली, काठी घेतली आणि गाडीकडे गेली.

रॉली झाडाखाली वाट बघत होता. "झालं ना? सांगू पाथरवटाला?"

डेल्मरने सहीचा कागद आणि कोर्टाची प्रत घडी करून रविवारच्या कोटाच्या आतल्या खिशात घातली. "कापणी होऊ दे. घाई काय आहे," तो म्हणाला.

कापणी झाली, बर्फ पडलं आणि वितळलं, तरी पाथरवटाला कुणी काही सांगितलं नाही. दर गुरुवारी मात्र फोन वाजू लागला. बोलणं बहुतेक फ्रीझरवरून निघायचं आणि तिथेच संपायचं. मे महिन्यात वर्लाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिने फोनवरून हुकूम सोडला की पिओनी पूर्ण उमललेल्या घ्यायच्या नाहीत, मुक्या कळ्या घ्यायच्या. डेल्मरने कॉफीचा डबा घासून पुसून तिच्या बाजूला ठेवला. स्वतःच्या थडग्यावर स्वतःच फुलं ठेवायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याची बाजू रिकामीच राहिली.

पास्टर नील यंदा शहाणा झाला होता. डेल्मर जिवंत आहे हे आता त्याला पक्कं माहीत होतं. त्यामुळे दगडाच्या एकाच बाजूला फुलं पाहिल्यावर जे समजायचं ते त्याने समजून घेतलं. रविवारी यादीच्या मध्यावर आल्यावर त्याने मागच्या तिसऱ्या बाकाकडे फार कनवाळूपणे पाहिलं आणि वाचलं, "वर्ला हॅस्केट."

घंटेचा दोर रॉलीच्या हातात होता. तो दोर खेचणार तोच बाक करकरला आणि डेल्मर उभा राहिला. या माणसाने आयुष्यात चर्चमध्ये स्तोत्र म्हणण्यापलीकडे कधी तोंड उघडलेलं नाही.

"ती जिवंत आहे," तो म्हणाला. "गुरुवारी माझ्याशी फोनवर भांडली."

सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

"क्षमा करा," पास्टर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मला वाटलं, तुमच्या पत्नी..."

"पत्नी नाही. घटस्फोट झालाय." डेल्मरने कोटाच्या आतल्या खिशातून प्रत काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हा कोर्टाचा शिक्का आहे. पण ती जिवंत आहे, आणि कुणीतरी ते सांगायला हवं."

रॉलीने दोर सोडून दिला. पास्टरने पेन मागून घेऊन नाव खोडलं आणि डेल्मर खाली बसला.

घरी येताच त्याने फोन लावला. "आज तू मेलीस."

"अरे देवा. घंटा वाजली?"

"वाजू दिली नाही."

पलीकडे वर्लाने नाक शिंकरलं. "जेवायला काय केलंयस?"

"सूप आहे डब्यातलं."

"इकडे ये. फ्रीझरमध्ये मांस आहे, ते काढते. आणि तो कोर्टाचा कागद घेऊन ये. फ्रीझर मलाच मिळालाय, एकदा तुझ्या डोळ्यांदेखत वाचून दाखवते."

डेल्मरने कोट चढवला. आतल्या खिशातली प्रत काढून त्याने एकदा उघडली. मोठा फ्रीझर नवऱ्याला, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, खाली शिक्काही होता. त्याने ती नीट घडी करून स्वयंपाकघरात रेडिओखाली ठेवली, आणि कागद काही सापडला नाही असं वाटेत मनाशी घोकत तो गाडी चालवत गेला.