एल्डनचं राहिलेलं काम

सपाट मुलुखातली माणसं सज्जन असतात, कारण तिथे लपायला जागा नसते. या नियमाला ब्रँडर काउंटीत आजवर अपवाद आढळलेला नाही. (एक आढळला होता. तो ॲरिझोनात राहायला गेला.)

काउंटीचा भूगोल आणि इतिहास इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे, कारण तो फारसा नाही. आधी बर्फ आला. त्याने होत्या तेवढ्या टेकड्या घासून काढल्या आणि कामाचा गाजावाजा न करता तो उत्तरेला परत गेला. इथल्या स्वभावाची पहिली खूण ती हीच, असं मानलं जातं. मागे दलदल राहिली. दलदलीच्या काठाने काही लोक राहत होते, ते 'पुढे निघून गेले', असं शाळेच्या पुस्तकात आहे. (कुठे गेले, आणि मागून कोण ढकलत होतं, हे परीक्षेला येत नाही.) मग जर्मन शेतकरी आले. त्यांनी जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून सगळं पाणी ओढ्यात सोडून दिलं. दलदलीच्या जागी काळीभोर माती आली, आणि तेव्हापासून काउंटीत मका आणि सोयाबीन असे दोनच ऋतू होतात.

या प्रगतीला एकच गालबोट उरलं होतं. एल्डन होल्टकँपच्या शेताच्या ईशान्य कोपऱ्यात एक तळं होतं. चारेक एकरांत पसरलेलं, गुडघाभर पाण्याचं, कडेने लव्हाळे. त्यात काही पिकत नसे. मार्चमध्ये बदकं उतरत, पण बदकांचा भाव धान्याच्या कोठाराबाहेरच्या फलकावर लागत नाही.

"काय एल्डन, हे डबकं कधी काढणार?" लोक विचारत.

"पुढच्या वर्षी," एल्डन म्हणे. हे उत्तर त्याने चाळीस वर्षं न कंटाळता दिलं.

ब्रँडर काउंटीत माणसाला एखादी निरुपयोगी गोष्ट आवडायला बंदी नाही. पण ते बोलून दाखवणं म्हणजे चर्चमध्ये मोठ्याने शिंकून 'कशी वाटली?' असं विचारण्यासारखं. खरं काय ते फक्त एल्डनच्या मुलीला, मर्नाला, ठाऊक होतं. मार्चमध्ये तो ट्रॅक्टर बंद करून काठावर बसे. लहानपणी शाळेतून आली की तीही शेजारी जाऊन बसे. दोघं एक शब्द बोलत नसत. होल्टकँप घराण्यात याला गप्पा म्हणतात.

सप्टेंबरात एल्डन वारला. शेतात मका उभा होता.

मका उभा असताना शेतकरी गेला, तर शेजारी स्वतःची कापणी बाजूला ठेवून आधी त्याची करून देतात. ही प्रथा खरोखर थोर आहे. तिच्यामुळे मृताची योग्यताही चारचौघांत ठरून जाते. चार हार्वेस्टर आले, तर माणूस बरा होता. आठ आले, तर चांगला होता. आठाच्या वर आले, तर कोणाला तरी त्याची जमीन कसायला हवी आहे. एल्डनसाठी अकरा आले.

बायकांनी अंगणात टेबलं मांडली. चीज घालून भाजलेले बटाटे, हॅमचे सँडविच, लिंबाची जेली, सात प्रकारचे पाय. (पाय म्हणजे गोड पोळीतलं फळ. सात प्रकार म्हणजे सफरचंद, वेगवेगळ्या सात घरचं.) अशा दिवशी घरच्या माणसाला एकच काम असतं, आभार मानायचे. कोणी आणखी काही देऊ केलं तर 'नको' म्हणायचं, याचेही नियम ठरलेले आहेत. पहिलं 'नको' म्हणजे सभ्यता. दुसरं म्हणजे चांगलं वळण. तिसरं म्हणजे 'हो, पण मोठा तुकडा'. चौथ्या 'नको'ची नोंद काउंटीच्या इतिहासात नाही.

कापणी दुपारीच आटोपली. तेव्हा शेजारचा अर्लो ब्रूनिंग टोपी हातात घेऊन मर्नापुढे उभा राहिला. कापणीची सगळी जुळवाजुळव त्याचीच होती. त्याच्या मागे ट्रेलरवर चर खणायचं यंत्र होतं.

"पोरी, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. एल्डनचं राहिलेलं काम आज उरकून टाकायचं."

"कुठलं काम, अर्लोकाका?"

"तळं गं! जन्मभर 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत गेला बिचारा. हात मोकळा झालाच नाही त्याचा. नळ्या मी आणल्यात. तू फक्त बघत राहा."

"नको, काका."

"ऐकलंस, लव्हॉन?" अर्लोने बायकोला हाक मारली. "हुबेहूब बाप!"

"खरंच नको. राहू द्या ते तसंच."

"अगं, त्यात कसला आलाय त्रास! यंत्र घरी गंजतच पडलं होतं."

"मी मनापासून सांगतेय. नको."

लव्हॉनने डोळ्यांना रुमाल लावला. "किती गं गुणाची! आमची सून असती तर पहिल्याच खेपेला हो म्हणून मोकळी झाली असती."

मर्नाला कळून चुकलं, की 'नको' या शब्दात होतं नव्हतं ते सगळं तिने खर्च केलं आहे. उरला होता तो मार्ग काउंटीत कोणी वापरला नव्हता. तिने खरं सांगितलं.

"बाबांना ते तळं आवडायचं. त्यांना ते कधीच काढायचं नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते पुढच्या वर्षी म्हणायचे."

जेवणाची रांग थांबली. बटाट्यात रुतलेले चमचे तिथेच राहिले. एक तर एल्डन चाळीस वर्षं सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोलला, किंवा त्याच्या मुलीच्या डोक्यावर दुःखाने परिणाम झाला, यांतलं एक निवडणं जमलेल्या मंडळींना भाग होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असा रिवाज असल्यामुळे निर्णय एकमताने झाला.

"बस जरा, पोरी," अर्लो हळुवारपणे म्हणाला. "झोप नाही झालेली तुझी."

लव्हॉनने तिला खुर्चीत बसवलं आणि हातात पायची बशी दिली. मर्ना यंत्रापुढे जाऊन आडवी पडू शकली असती. पण या लोकांचा स्वतःचा मका अजून उभा होता, आणि आभाळ भरून आलं होतं, आणि बशी दोन्ही हातांनी धरावी लागत होती. यंत्र सुरू झालं. ती आभार मानत राहिली.

आठवडाभरात पाणी ओढ्याला लागलं. ते शेत आता अर्लो खंडाने कसतो. (मर्नाने दोनदा नको म्हटलं होतं.)

त्यानंतर लोक बोलू लागले. किराणा दुकानात पिशवी भरता भरता दुकानदार खालच्या आवाजात म्हणाला, की बायको गेली त्या वर्षी तो रोज तळ्यावरून लांबच्या रस्त्याने घरी जायचा. पाद्रीबाबांनी चर्चच्या तळघरात, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, तसंच काहीसं सांगितलं. लव्हॉनला तिथे लव्हाळ्यात एकदा एक पक्षी दिसला होता. त्याचं नाव तिला अजून कळलेलं नव्हतं.

मार्चमध्ये मर्ना शेतावर गेली, तर अर्लोचा पिकअप रस्त्याच्या कडेला उभा होता. बदकांचा थवा कोपऱ्यावर घिरट्या घालत होता. खाली येई, पुन्हा वर जाई.

"मी थांबायचो गं इथे," अर्लो तिच्याकडे न बघता म्हणाला. "एल्डनला संशय येऊ नये म्हणून गाडीचं बॉनेट उघडून ठेवायचो. त्याला वाटायचं माझी गाडीच भंगार आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत, काका?"

"एवढी माणसं होती," तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांना सगळ्यांना हवंय."

थवा शेवटी पश्चिमेकडे निघून गेला. अर्लोने टोपी घातली आणि तो बियाण्याबद्दल बोलू लागला.

आजपर्यंत मर्नापाशी मन मोकळं केलेल्यांची बेरीज पाहता, काउंटीत तळ्याच्या बाजूने प्रचंड बहुमत होतं, असं खात्रीने म्हणता येतं. इथवर वाचताना तुम्हालाही त्या तळ्याबद्दल थोडं वाईट वाटलं असेल. तर मर्नाला तसं जरूर कळवा. एकटी गाठून, आवाज खाली घेऊन. घाई मुळीच नाही, पाणी जायचं ते गेलेलं आहे.