थिओची उसनी आत्या

शरयूआत्यांना कुणी आपलं नाव सांगितलं, की त्या नमस्कार करत नाहीत की हॅलो म्हणत नाहीत. त्या विचारतात, "अर्थ काय?"

लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, फिलिपा नावाची रिसेप्शनिस्ट आहे. आत्यांनी तिला पहिल्याच भेटीत विचारलं, "तुझ्याकडे घोडे आहेत का?" ती नाही म्हणाली. "मग कसं? फिलिपा म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारी. ग्रीक नाव आहे." ती बिचारी रोज बसने येते. घोडा तिने टीव्हीवरच पाहिला असणार. आत्यांनी मान हलवली आणि मागे वळून रांगेतल्या मला धरलं. मी निमूटपणे नाव सांगितलं. "निखिल म्हणजे संपूर्ण," त्या म्हणाल्या आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तसा दिसत नाहीस."

अशी आमची ओळख झाली.

आत्या कौन्सिलच्या जन्मनोंदणी कचेरीत होत्या. समोरचे आईबाप जे नाव सांगतील ते जसंच्या तसं नोंदवायचं, भुवईसुद्धा उचलायची नाही, हा तिथला नियम. आत्यांनी तो अख्खी नोकरी पाळला, आणि रिटायर झाल्यापासून त्याचं उट्टं त्या काढताहेत. शेजारच्या टेबलावर सायप्रसची एलेनी बसायची. चहाच्या सुट्टीत एलेनीने ग्रीक नावं उलगडायची आणि आत्यांनी संस्कृत, असा दोघींचा उद्योग चाले. त्यातून आत्यांच्या अंगी जे ज्ञान आलं त्याने सगळं पश्चिम लंडन हैराण आहे. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या पीटरला त्यांनी चहा दिला आणि आम्हाला मराठीतून सांगितलं, "पीटर म्हणजे दगड. आमच्याकडे मुलं जगत नसली, की धोंडू ठेवायचे, दगडू ठेवायचे. यांचा दगड संत झाला. आमचा धोंडू अजून वर्गात टपल्या खातोय."

नावांची साथ येते, असं त्यांचं मत आहे. "गोवरासारखी. आधी सगळीकडे सोफिया. सोफिया म्हणजे शहाणपण. एकेका नर्सरीत चार-चार शहाणपणं, आणि एकीलाही बूट घालता येत नाहीत. मग झोई. झोई म्हणजे जीवन. हे म्हणजे पोरीला 'ए ऑक्सिजन' म्हणून हाक मारण्यासारखं!"

तर अशा बाईंची आम्हा मराठी लोकांना गरज पडते ती बारशाला. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान बापाच्या बहिणीचा, आणि ते सांगताना बाकीच्या बायकांचे पाठीत धपाटे खायचे तेही तिनेच. आमच्यासारख्या व्हिसावर आलेल्यांच्या बहिणी पुण्याला नाहीतर नागपूरला. व्हिडिओ कॉलवरून कुर्र करता येतं, पण धपाटे कुणाला घालणार? म्हणून हाउन्सलोपासून स्लाउपर्यंत सगळी मंडळी शरयूआत्यांना बोलावतात. त्यांनी लग्न केलं नाही, त्यामुळे कुणाची काकू, कुणाची मामी अशी भानगड नाही. उसनी का होईना, आत्या अगदी शुद्ध. मात्र त्यांची अट एकच: अर्थ कळल्याशिवाय कुर्र नाही. एका जोडप्याने 'कियांश' आणलं होतं. अर्थ काय, तर सर्वगुणसंपन्न. कुठल्या भाषेत, असं आत्यांनी विचारल्यावर नवरा बायकोकडे बघायला लागला आणि बायको फोनकडे. तरीसुद्धा त्या गेल्या, वाकल्या, धपाटे खाल्ले. "नाही म्हणायचा अधिकार कुणाला आहे," असं परत येताना बसमध्ये मला म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्यांनी नाही कुणालाच म्हटलं नव्हतं.

आम्हाला म्हटलं.

आमच्या मुलाचं नाव थिओ ठेवायचं माझ्या बायकोने, मृण्मयीने, सातव्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं. तिच्या नावाचं ऑफिसात 'मिम' झालंय. पहिल्या आठवड्यात मॅनेजरने प्रयत्न केला, दुसऱ्या आठवड्यात सगळे हसले, तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच ईमेलखाली मिम अशी सही करू लागली. पोराचं असं होऊ नये म्हणून थिओ. आम्ही इथे नाव निवडतो ते मुलासाठी नाही, त्याच्या वीस-पंचवीस वर्षांनी भेटणाऱ्या मॅनेजरच्या जिभेसाठी. मला हे पटत नव्हतं, आणि त्याहून चांगलं काही सुचतही नव्हतं.

आम्ही आत्यांच्या फ्लॅटवर गेलो. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, टाळूवर हात फिरवला, आणि विचारलं, "काय ठरलं?"

"थिओ," मृण्मयी म्हणाली. "पूर्ण नाव थिओडोर. अर्थ पण शोधलाय, आत्या. देवाने दिलेला."

"अर्थ माहीत आहे मला." त्यांनी बाळ परत माझ्याकडे दिलं. "हे नाव मी सांगणार नाही. दुसरी कुणी बघा."

मृण्मयीला राग आला. नुकतंच बाळंतपण झालेलं, त्यात आठवडाभर झोप नाही. "कियांश चालतं आणि थिओ नाही? हे बरंय! तुम्हाला रोज मिम म्हणून कुणी हाक मारली असती ना, म्हणजे कळलं असतं."

आत्या स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या, चहा करायचा विसरल्या. मग उभ्याउभ्याच बोलल्या.

त्यांच्या भावाला एकच मुलगा. भाऊ आणि वहिनी दोघं विमानतळावर शिफ्टमध्ये कामाला, त्यामुळे पोर आत्यांच्या अंगाखांद्यावर वाढलं. त्याच्या बारशाला उसनं काही नव्हतं. खरी आत्या होती, आणि नाव तिने स्वतः निवडलं होतं: देवदत्त. आज तो लीड्सला मोठ्या हॉस्पिटलात सर्जन आहे आणि त्याचं कायदेशीर नाव थिओडोर आहे.

"मला फोन करून सांगितलं त्याने," आत्या म्हणाल्या. "म्हणे, 'आत्या, मी माझा नाव चेंज केला. बट मीनिंग सेम आहे. देवाने दिलेला. तूच म्हणते ना, मीनिंग इज एव्हरीथिंग?' आता यावर काय बोलू? माझंच शस्त्र माझ्याच गळ्यावर."

तरी त्यांनी ऐकलं नाही. त्याच्या प्रमोशनच्या पार्टीला लीड्सला गेल्या आणि जो जो त्याला थिओ म्हणेल त्याला त्याला अडवून सांगत सुटल्या, "नॉट थिओ. देवदत्त. से इट. देव. दत्त." एका म्हाताऱ्या प्रोफेसरांकडून तर त्यांनी पुन्हा पुन्हा घोकून घेतलं. भाच्याने त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "लहानपणी शाळेत रोज हेच व्हायचा, आत्या. सगळे हसायचे. आता तू पण? माझ्या नावाने बोलणार नसशील तर फोन नको करू."

"नाही केला," आत्या म्हणाल्या. "त्याची आत्या म्हणजे देवदत्तची आत्या. त्या थिओची मी कोण?"

मृण्मयीचा राग उतरला. आत्या आणि भाचा, दोघांचंही चुकलेलं नव्हतं आणि दोघांनीही एकमेकांचा पुरेपूर अपमान केलेला होता. आम्ही बाळाला गुंडाळून घरी आलो, आणि रस्त्यात दुसरं नाव शोधायचा विषय दोघांनीही काढला नाही.

दोन दिवसांनी आत्यांचा फोन आला. "बारसं रविवारीच ना? येते मी." कारण सांगितलं नाही, आणि विचारायची आमची हिंमत झाली नाही.

रविवारी त्या हिरवं काठाचं पातळ नेसून आल्या. आम्ही पाळणा म्हणून मोझेस बास्केटला, म्हणजे बाळ निजवायच्या वेताच्या टोपलीला, झेंडूची माळ बांधली होती. तो पाळणा हलत नाही म्हणून मृण्मयीची मैत्रीण तो हातांनी डोलवत होती. आत्या वाकल्या. "कुर्रर्र" झालं, धपाटे सुरू झाले, हशा पिकला. नाव सांगितल्यावर त्या दरवेळी लगेच कंबर धरत उठतात आणि धपाटे घालणाऱ्यांना शिव्या घालतात. या वेळी उठल्याच नाहीत. कानाशी तोंड ठेवून "थिओ" म्हणाल्या. परत म्हणाल्या. परत. बायकांचे हात थांबले.

"आत्या, झालं की," मृण्मयी हळूच म्हणाली.

"थांब गं. जीभ वळू दे."

मग उठल्या. पदराने चेहरा पुसला. सगळे घुगऱ्यांकडे वळले तशा त्या कोट टांगलेल्या पॅसेजमध्ये गेल्या. मी त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन मागे गेलो आणि दारातच थांबलो. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. रिंग वाजत राहिली, आणि मग एक स्वच्छ इंग्रजी आवाज म्हणाला, की हा थिओचा फोन आहे, निरोप ठेवा.

आत्यांनी घसा खाकरला.

"थिओ," त्या म्हणाल्या. "मी आत्या. हे बघ, तू म्हणशील त्या नावाने हाक मारीन. तू फक्त ओ दे रे बाबा."

मग फोन कसा बंद करायचा ते त्यांना काही केल्या सापडेना. मी जाऊन तो बंद केला. माझ्याकडे न बघता त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि घुगऱ्यांत मीठ कमी आहे का, ते विचारलं.

याला आता वर्ष होत आलं. लीड्सहून फोन आलेला नाही. आत्या आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे येतात, सोफ्याच्या कडेला बसतात, आणि रांगत पलीकडे गेलेल्या आमच्या पोराला हाक मारतात. "थिओ!" तो मान वळवून त्यांच्याकडे बघतो आणि हसतो. तेवढ्यावर त्या सगळी दुपार काढतात.